खर्चाची वही आणि मनाची टोचणी

गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी दुपारी महिला मंडळाच्या भगिनी ग्रंथवाचनासाठी जमतात. त्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाले, वाचन झाले आणि चहा उकळेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा निघाल्या. कोणीतरी सहज विचारले, घरखर्चाची वही कोण कोण लिहिते? अठरा जणी होत्या. हात वर आले चार. बाकीच्यांपैकी निम्म्याजणी पूर्वी लिहीत होत्या, पण त्यांनी सोडून दिले होते. का सोडले म्हणून विचारले, तेव्हा एक ताई, चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना कॉलेजात घालणारी बाई, हळूच म्हणाल्या, "महिनाअखेरीला बेरीज केली की मीच चोरी केल्यासारखं वाटायचं हो. पोराला वडापाव घेऊन दिला, तोपण तिथं लिहिलेला. तेवढे वाचवले असते तर, असं मनात यायचं. मग म्हटलं, नकोच ती वही."

कोणी हसले नाही. प्रत्येकीच्या मनात आपापला वडापाव आला असावा.

पैसे पुरत नाहीत ही आपल्या घरांतली एक अडचण. हिशेबाला बसले की स्वतःचीच लाज वाटते ही दुसरी. पहिलीवर बोलणारे पुष्कळ आहेत. तेल कमी वापरा, वीज वाचवा, लग्नात बँड नको, हळदीचा कार्यक्रम नको, असे सल्ले आपल्या कुटुंबपानांवर वर्षानुवर्षे छापून येतात. ते चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. पण जिने आधीच पोटाला चिमटा काढलेला आहे, तिला ते वाचून आणखी एक चिमटा बसतो, एवढेच होते. म्हणून आज दुसऱ्या अडचणीविषयी लिहिते आहे.

आईची वही

माझे वडील मुंबईत गिरणीत रिंगखात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त. पण आपल्या माणसांना तिथे पिढ्यानपिढ्या शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही हातात घेणार नाही, असे इतर कामगारांचे म्हणणे. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. वडिलांच्या वेळेपर्यंत काळ बदलला होता, पण आजोबा रिंगखात्यात म्हणून वडील रिंगखात्यात, असे आमच्या घरात चालले. हे मुद्दाम सांगते. आमच्या घरच्या वहीत जमेची बाजू लहान होती, ती माझ्या आईने लहान केलेली नव्हती. ती कोणी आणि कशी लहान केली याला इतिहास आहे. तरीसुद्धा रात्री कंदिलाजवळ बसून "माझंच चुकतं कुठंतरी" असे म्हणायची ती माझी आईच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. मी तेव्हा पाचवीत होते. आईची वही म्हणजे शाळेच्या जुन्या वह्यांची उरलेली कोरी पाने एकत्र शिवून केलेली. दर महिन्याला वर डाव्या बाजूला ‘पगार’ अशी ओळ असायची, ती त्या महिन्यापासून कोरी राहिली. पण आईने वही बंद केली नाही. जमेला ‘शिवण ११ रु.’, ‘मामाकडून ५० रु.’, आणि एका महिन्यात ‘तांब्याचा हंडा ६० रु.’ हंडा जमेच्या बाजूला लिहिलेला मी नंतर पाहिला तेव्हा पोटात कालवले. तो तिच्या लग्नातला हंडा होता.

वडील २०१६ मध्ये गेले. त्यानंतर ट्रंक आवरताना ती वही सापडली. मी चाळत बसले. खर्चाच्या बाजूला तांदूळ, रॉकेल, वाण्याची उधारी, पोरांच्या वह्या, आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी एकच ओळ: ‘किरकोळ २ रु.’ संपाच्या महिन्यांतसुद्धा. एक पैसा कमी नाही, जास्त नाही. मी आईला विचारले, हे किरकोळ काय गं दर महिन्याला? सत्तरीला टेकलेली माझी आई लहान मुलीसारखी खाली बघायला लागली. म्हणाली, "अगं, मी आणि शेजारची आक्का नाक्यावर जाऊन भजी खायचो. एक प्लेट दोघींत, आणि चहा. महिन्यातून एकदा. तुझ्या बाबांना कधी सांगितलं नाही. पोरं घरी अर्धपोटी आणि मी भजी खाते, कसं सांगू?"

चौतीस वर्षे ती भजी तिच्या मनात होती. तिने हंडा विकला, रात्री शिवण केले, चार मुलांपैकी एकाचीही शाळा सुटू दिली नाही. त्याची नोंद तिच्या मनात कुठेच नव्हती. नोंद होती ती दोन रुपयांची.

रमाईचे नाव घेऊन

ही टोचणी येते कुठून? काही बाहेरून येते. "यांच्या हातात पैसा टिकत नाही," हे वाक्य ऑफिसात, शेजारात, कधी कधी शाळेतसुद्धा आपण ऐकलेले आहे. सवलती घेतात आणि उधळतात, हे त्याचेच दुसरे रूप. वर्षानुवर्षे ऐकले की माणूस आपल्याच घरात आपलाच पहारेकरी होतो. नवीन साडी घेतली तर शेजारीण काय म्हणेल, आणि जुनी नेसली तर "अजून सुधारले नाहीत" असे म्हणेल, अशी दोन्हीकडून कोंडी.

पण काही टोचणी आपण आपल्याच घरात तयार केली आहे, तेही बोलले पाहिजे. सून गॅस लवकर संपला म्हणाली की सासू म्हणते, "आमच्या रमाईने शेण्या थापल्या, आणि तुम्हाला एवढंसुद्धा जमत नाही?" असे बोलणे मी किती घरांत ऐकले आहे! मीही बोलले असेन. रमाईचा त्याग आपण कधीही विसरणार नाही. बाबासाहेब अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकत असताना त्या माउलीने घर कसे चालवले हे प्रत्येक घराला माहीत आहे. पाच लेकरांपैकी चार तिच्या डोळ्यांदेखत गेली. एकटे यशवंतराव वाचले. २७ मे १९३५ ला राजगृहात तिचे निधन झाले. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. पण तिच्या त्या हालांचे कारण दारिद्र्य होते. ते तिने हौसेने निवडलेले व्रत नव्हते. तिच्या लेकींनी आणि सुनांनी तसेच हाल काढावेत म्हणून ती झिजली नाही. पुन्हा कोणाला काढावे लागू नयेत म्हणून झिजली, असे मी समजते. तिचे नाव घेऊन दुसऱ्या बाईला टोचायचे असेल तर ते रमाईचे स्मरण होत नाही.

आणि बाबासाहेब? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना काय सांगितले ते आठवा. जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे सोडा, अंगावरची ती जुनी जड दागिन्यांची ओझी उतरवा, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा. बायांनी गबाळे राहून पैसे वाचवावेत असे ते बोलले नाहीत. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी लग्नाची घाई करू नका, लग्न ही एक जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद मुलांमध्ये येईपर्यंत त्यांच्यावर लादू नका, अशा आशयाचे सांगितले. म्हणजे घरच्या पैशाचा विचार त्यांनी स्त्रियांपुढे मोकळेपणाने मांडला, आणि तो मांडताना स्त्रियांना शरमिंदे केले नाही. स्वतः त्यांनी ग्रंथांवर किती खर्च केला! राजगृहातल्या त्या ग्रंथालयाला उधळपट्टी म्हणण्याची कोणाची हिंमत आहे? १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून लंडनची डी.एस्सी. मिळवणाऱ्या माणसाच्या लेकी आपण. आपल्याच घरच्या रुपयाची बेरीज करताना आपली छाती धडधडते, याचे मला नवल वाटते. पण धडधडते खरी. माझीही धडधडली आहे.

लपवलेले वीस हजार

२०१३ सालच्या जून महिन्यात माझ्या थोरल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती येते मागाहून, आणि कॉलेज पैसे मागते आधी. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांचा असेल. वीस हजार कमी पडत होते. यांच्या पगारातून निघण्यासारखे नव्हते. त्याच्या आदल्याच महिन्यात मी भाच्याच्या लग्नात आहेर आणि कपडे यांवर हात सैल सोडला होता. ते मनात खात होते. आता यांना पैसे कमी पडतात म्हणून सांगितले तर लग्नाचा विषय निघणार, या भीतीने मी गप्प राहिले आणि ओळखीच्या एका खाजगी व्याजवाल्याकडून शेकडा पाचने वीस हजार घेतले.

शेकडा पाच म्हणजे ऐकायला लहान वाटते. महिन्याला एक हजार रुपये. वर्षाला शेकडा साठ. मी दर महिन्याला घरखर्चातून हजार रुपये काढत होते आणि मुद्दल आहे तिथेच. हजार रुपये कुठे लिहायचे? ‘किरकोळ’मध्ये लिहिता येईना, म्हणून मी वहीच बंद केली. आठ महिने घरात वही नाही. मुलगी विचारायची, आई तू लिहीत का नाहीस? मी म्हणायची, डोळे दुखतात.

आठ महिन्यांत आठ हजार रुपये व्याज गेले आणि कर्ज वीस हजार ते वीस हजारच. त्याच सुमारास मी ज्या बचत गटात होते तिथे पंधरा जणी महिन्याला दोनशे रुपये टाकत होतो, चार वर्षांची रक्कम साठलेली होती, आणि गट सभासदाला शेकडा दोनने कर्ज देत होता. मागितले असते तर मिळाले असते. पण मागायचे म्हणजे चारचौघींत कारण सांगायचे. मीच गटाच्या वह्या लिहिणारी, मीच अडचणीत आले असे कसे सांगू?

शेवटी एक दिवस व्याजवाल्याचा माणूस दारात आला आणि सगळे यांना कळले. त्या रात्री घरात जेवण झाले नाही. हे रागावले, पण वीस हजारांसाठी रागावले नाहीत. म्हणाले, "आठ महिने तू एकटी जागीच झोपत होतीस ना? मला का नाही उठवलंस?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गटाच्या अध्यक्षा ताईंकडे गेलो. गटाने वीस हजार दिले, महिन्याला दोन हजार मुद्दल आणि राहिलेल्या रकमेवर शेकडा दोन. पहिल्या महिन्यात चारशे रुपये व्याज, मग तीनशे साठ, असे उतरत उतरत दहाव्या महिन्यात चाळीस. दहा महिन्यांत कर्ज संपले. एकूण व्याज दोन हजार दोनशे. आणि ते व्याज आमच्याच गटात राहिले, वाटून पुन्हा आम्हा बायांकडेच आले.

म्हणजे आठ हजार रुपये मी कशाचे भरले? मुलीच्या शिक्षणाचे नव्हे. लाजेचे भरले. ज्या दिवशी मी हे कागदावर मांडले त्या दिवसापासून मी अपराधीपणाला सद्गुण म्हणणे सोडले. त्याने मला एक रुपयाही वाचवून दिला नाही.

भगवंतांचे गृहस्थांना सांगणे

धम्मात या टोचणीला नाव आहे. चित्ताला अडवणारी पाच नीवरणे आपण ऐकतो, त्यांतले एक उद्धच्च-कुक्कुच्च. कुक्कुच्च म्हणजे झाल्या-गेल्याची खंत करीत बसणे. तो चित्ताचा अडसर मानला आहे. वाईट कृत्याची लाज वाटणे, म्हणजे हिरी आणि ओत्तप्प, ही चांगली गोष्ट आहे, ती माणसाला चुकण्याआधी थांबवते. पण कुक्कुच्च नंतर येते आणि नुसते कुरतडते. माझ्या बाबतीत हिरी असती तर मी व्याजवाल्याच्या दारात जाण्याआधी थांबले असते. होते ते कुक्कुच्च, म्हणून गेल्यावर लपवत बसले.

अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाची हकिकत आहे. तो भगवंतांना सरळ सांगतो, की आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांच्या गराड्यात राहणारी, चंदन लावणारी, फुले माळणारी, सोने-चांदी हाताळणारी. आमच्यासारख्यांना उपयोगी पडेल असे काही सांगा. भगवंत त्याला चंदन पुसून ये म्हणत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात: उद्योगाने कमवावे, कमावलेले राखावे, चांगल्या माणसांची सोबत धरावी, आणि समजीविता. समजीविता म्हणजे जमा आणि खर्च जाणून समतोलाने जगणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती खाली गेले, किती वर आले ते कळते, तसे गृहस्थाला कळावे. पुढचे तर आपण नीट वाचतच नाही. थोड्या मिळकतीत थाटाने राहणारा चुकतो, तसाच पुरेशी मिळकत असून कंगालासारखा राहणारासुद्धा चुकतो, असे दोन्ही तिथे आहे. पहिली चूक आपण एकमेकांना रोज दाखवतो. दुसरी चूक आपल्या बायका स्वतःच्या बाबतीत रोज करतात, घरात सगळ्यांना चष्मा आणि हिचे डोळे तपासायचे राहिलेले, आणि आपण तिला कौतुकाने काटकसरी म्हणतो.

अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखेही अशीच. न्यायाने मिळवलेली मिळकत असण्याचे सुख, ती उपभोगण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख, आणि निर्दोष आचरणाचे सुख. उपभोगाचे सुख हे त्या यादीत दुसरे आहे. कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू समाधानाने वापरणे हे भगवंतांनी सुखात मोजले. चौथे अनवज्ज-सुख त्यांनी सर्वांत मोठे मानले, आणि ते काया-वाचा-मनाच्या आचरणाचे आहे. रविवारी अर्धा किलो मटण आणले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, एक संकटासाठी राखून. आता पंधरा हजारांत घर चालवणारी भगिनी म्हणेल, चौथा भाग राखायचा म्हणजे पावणेचार हजार, आणि मग भाडे कोण भरणार? तिचे बरोबर आहे. सिगाल हा सुखवस्तू गृहपतीचा मुलगा होता. त्याला सांगितलेले प्रमाण आपल्या अंगावर जसेच्या तसे ओढून पुन्हा अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही. मी त्यातून एवढेच घेते, की उपभोगाला वाटा आहे आणि तो शून्य नाही, संकटाला वाटा आहे आणि तोही शून्य नाही. आणि मजुरी-नोकरी करणाऱ्यांचा ‘उद्योग’ म्हणजे मुलांचे शिक्षण आणि आपली तब्येत. हा शेवटचा अर्थ माझा आहे, सुत्तातला नाही.

वही पुन्हा कशी उघडली

कर्ज फिटल्यावर मी नवी वही केली. तीत पहिला बदल म्हणजे ‘किरकोळ’ हे सदर काढून टाकले. त्याच्या जागी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे सदर घातले. यांचे, दोन्ही मुलांचे, आईचे आणि माझे. प्रत्येकाला महिन्याला ठरलेली रक्कम, शंभर असो की तीनशे, आणि ती कशावर खर्च केली हे कोणी विचारायचे नाही. पहिल्या महिन्यात माझ्या सदरातले पैसे मी गॅसला वापरून टाकले. मुलीने पाहिले आणि वहीत लाल पेनने ‘आईचे १५० रु. परत देणे’ असे लिहिले. सवय लागायला चार-पाच महिने गेले.

दुसरी गोष्ट वर्षाच्या खर्चांची. आपले बजेट बहुधा ठरलेल्या महिन्यांतच कोसळते: जूनमध्ये शाळा, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा नागपूरचा प्रवास, डिसेंबरात सहा तारखेला गावाकडून चैत्यभूमीला येणाऱ्या पाहुण्यांचा पाहुणचार, एप्रिलमध्ये जयंती. हे खर्च दरवर्षी येतात, तारखेसकट माहीत असतात, तरी दरवर्षी ते आपल्याला चोरासारखे गाठतात आणि आपण स्वतःला दोष देतो. यांची बेरीज करून बाराने भागावी. शाळेचे सहा हजार असतील तर महिन्याला पाचशे. प्रवास, जयंती आणि दीक्षाभूमीवरची पुस्तके मिळून चोवीसशे धरले तर महिन्याला दोनशे. पोस्टात शंभर रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्ती खाते उघडता येते, ते लांबच्या कामासाठी ठीक. वर्षाच्या आतल्या खर्चाला बचत खाते किंवा गट बरा. पुस्तकांचा आकडा मात्र आधी लिहून ठेवा. दीक्षाभूमीवर स्टॉलपुढे उभे राहिल्यावर हिशेब होत नसतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

अपघात विम्याचेही एक ओळीत सांगून टाकते. २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये जातो आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण असते. नाक्यावर काम करणाऱ्या, मचाणावर चढणाऱ्या आपल्या भावांचे खाते त्यासाठी एकदा तपासून घ्या.

मोबाईलवरून पैसे जाऊ लागल्यापासून नोटा हातातून सुटताना दिसत नाहीत, ही नवी अडचण. आमचा मुलगा रविवारी सकाळी फोन उघडून आठवड्याचे सगळे आकडे वाचतो, मी लिहिते. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाला आमच्या घरी एकच नियम आहे: आकडा वाचायचा, "कशाला?" असे विचारायचे नाही. पुढच्या आठवड्यात काय करायचे हे विचारायला हरकत नाही.

हा नियम दारूला लागू नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. सिगालोवाद सुत्तात संपत्ती गळून जाण्याच्या ज्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत नशा पहिली आणि जुगारही आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. तरी गंमत पाहा, ज्या घरात महिन्याला दोन हजार बाटलीत जातात त्या घरात वहीपुढे मान खाली घालून बसते ती गजऱ्याचे वीस रुपये लिहिणारी बाई. बाटलीवाला वहीपुढे बसतच नाही. अशा घरात वही बाईने एकटीने लिहून भागणार नाही. तिथे मंडळाने, जवळच्या नातेवाइकांनी बसले पाहिजे. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

राहिला दानाचा प्रश्न. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग देण्यास सांगितले. विहाराची पावती फाडणारे कार्यकर्ते आले की ज्यांच्याकडे त्या महिन्यात नसतात त्या भगिनी आतल्या खोलीत जातात, हे मी पाहिले आहे. शंभर मिळाले तर पाच द्यायचे, असा विसाव्या भागाचा हिशेब. तो मिळकतीवर आहे. उधार काढून देण्याचा नाही. ज्या महिन्यात मिळकत नाही त्या महिन्यात त्याचा विसावा भागही नाही. आमच्या विहारात आता पावतीबरोबर श्रमदानाची वही ठेवली आहे. त्या धुणीभांडी करणाऱ्या ताई दर पौर्णिमेला विहार धुऊन काढतात, त्यांचे नाव तिथे आहे आणि ते वाचून दाखवले जाते.

त्याच ताईंनी गेल्या महिन्यात नवी वही आणून दाखवली. मुलाच्या नावाचे सदर आहे, मुलीचे आहे. स्वतःचे नव्हते. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा शेवटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘मी’ असे लिहिले आणि पुढे रक्कम कोरी ठेवली. भरतील हळूहळू.

माझी आई आता माझ्याकडेच असते. गुडघे दुखतात, तरी महिन्यातून एकदा तिला रिक्षाने नाक्यावर नेते. मागच्या वेळी घरी आल्यावर मी वही उघडून तिच्या सदरात ‘भजी ४० रु.’ असे लिहिले. तिने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "चहा राहिला की. चहापण लिही."

मी चहा लिहिला.